लिंगसांसर्गिक आजाराची शंका, गोपनीय तपासणी आणि शिक्षक : बेळगाव-निपाणी सीमाभागाच्या संदर्भात

प्रस्तावना

कम्युनिटी कॉलेजमध्ये शिवणकाम, संगणक, रुग्णसेवा, वाहनदुरुस्ती असे अभ्यासक्रम शिकणाऱ्यांत काही जण दिवसा काम करून सायंकाळी वर्गात येतात. काही विवाहित असतात, तर काही पुणे, मुंबई, गोवा किंवा आखाती देशांत नोकरीसाठी जाण्याच्या तयारीत असतात. अशा वयात शरीरावर एखादे लक्षण दिसावे आणि लिंगसांसर्गिक आजाराची शंका यावी, ही गोष्ट आपण समजतो तितकी विरळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात १५ ते ४९ वयोगटात क्लॅमिडिया, परमा, उपदंश आणि ट्रायकोमोनास या चार संसर्गांची जगभर ३७ कोटी ४० लाख नवी प्रकरणे घडली. हे चारही संसर्ग योग्य औषधाने बरे होणारे आहेत.

आजार बरा होणारा असूनही तपासणीस उशीर का होतो, हा प्रस्तुत लेखाचा मूळ प्रश्न आहे. शंका आलेल्या व्यक्तीच्या मनात ‘मला काय झाले आहे?’ हा प्रश्न असतोच. परंतु तिला दवाखान्याच्या दारातून परत फिरवणारा प्रश्न वेगळा असतो. तो म्हणजे, ‘हे कोणाला कळेल?’ या दुसऱ्या प्रश्नाचे नेमके, खरे व पूर्ण उत्तर शिक्षकाला देता आले, तर विद्यार्थी तपासणीपर्यंत पोहोचतो. त्या उत्तरासाठी लागणारी वैद्यकीय, व्यावहारिक व कायदेशीर माहिती येथे एकत्र मांडली आहे.

‘गुप्तरोग’ या कल्पनेची पार्श्वभूमी

मराठीत उपदंशाला ‘गरमी’ आणि गोनोरियाला ‘परमा’ अशी जुनी नावे आहेत. सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथात भावमिश्राने ‘फिरंगरोग’ हे नाव वापरले असून त्या रोगाचा संबंध फिरंगी लोकांशी जोडला आहे. युरोपातही हाच प्रकार होता. इटालियन लोक उपदंशाला फ्रेंचांचा रोग म्हणत आणि फ्रेंच लोक तो नेपल्सचा रोग असल्याचे सांगत. थोडक्यात, या रोगाचे नाव घेताना दोष कोणावर तरी टाकण्याची प्रवृत्ती सर्वत्र आढळते.

इंग्रजी राजवटीत या प्रवृत्तीला कायद्याचे बळ मिळाले. १८६४ चा कँटोन्मेंट कायदा आणि १८६८ चा सांसर्गिक रोग कायदा यांखाली शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांची नोंदणी व सक्तीची तपासणी होत असे आणि आजारी आढळलेल्या स्त्रीला ‘लॉक हॉस्पिटल’मध्ये ठेवले जाई. १८६८ चा कायदा १८८८ साली रद्द झाला. बेळगाव हेही छावणीचे शहर असल्यामुळे या इतिहासाकडे आपण परका म्हणून पाहू शकत नाही. तपासणी म्हणजे चौकशी आणि चौकशी म्हणजे शिक्षा, हे समीकरण त्या काळात रूढ झाले व त्याची छाया अद्याप गेलेली नाही.

मराठी भाषेत या विषयावर मोकळेपणाने बोलण्याचा प्रयत्न र. धों. कर्वे यांनी केला. १९२७ पासून १९५३ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. त्यात वाचकांच्या खासगी शंकांना उत्तरे दिली जात. १९३४ साली अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरण्यात आला. त्यांच्या बचावासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यायालयात उभे राहिले; तरीही कर्वे यांना दंड झाला. कर्व्यांच्या सर्व मतांशी सहमत होण्याची गरज नाही. परंतु आपले नाव पुढे न येता विश्वासार्ह उत्तर मिळावे ही सामान्य माणसाची गरज किती जुनी आहे, हे या प्रकरणावरून लक्षात येते.

विश्वासार्ह उत्तर मिळत नाही तेथे जाहिरातवाले शिरतात. बसस्थानकाच्या भिंतीवर ‘गुप्तरोगावर खात्रीचा इलाज’ अशी जाहिरात आपण सर्वांनी पाहिली आहे. १९५४ च्या औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यानुसार उपदंश, परमा इत्यादी रोग बरे करण्याचा दावा करणाऱ्या औषधाची जाहिरात करण्यास मनाई आहे. एवढी एक गोष्ट विद्यार्थ्यांना सांगितली तरी अशा जाहिरातींचे खरे स्वरूप त्यांच्या ध्यानात येते.

लक्षण आणि निदान यांतील अंतर

केवळ लक्षणावरून लिंगसांसर्गिक आजार ठरवता येत नाही. या बाबतीत चूक दोन्ही बाजूंनी होते.

पहिली चूक म्हणजे जे नाही ते आहे असे मानणे. जांघेतील खाज व चट्टे बहुतेक वेळा नायट्याचे असतात. तंबाखू वखारीत, कारखान्यात किंवा गाडीवर दिवसभर घामात काम करणाऱ्यांना तो सहज होतो. औषध दुकानातून विचारून घेतलेल्या स्टेरॉईडमिश्रित मलमाने खाज तात्पुरती थांबते आणि नायटा अधिक पसरतो. लघवीला होणारी जळजळ पाणी कमी पिण्यामुळे किंवा साध्या मूत्रमार्गाच्या संसर्गामुळेही असू शकते. वारंवार होणारा बुरशीचा संसर्ग हे मधुमेहाचे पहिले चिन्ह असू शकते. जंतुनाशक द्रावणाने ती जागा पुन्हा पुन्हा धुतल्यामुळे त्वचा लाल होते व सोलते. स्त्रियांच्या अंगावरून पांढरे जाणे हे पाळीच्या चक्रात काही प्रमाणात स्वाभाविक असते; मात्र त्याला दुर्गंधी, वेगळा रंग, खाज किंवा ओटीपोटात दुखणे यांची जोड असल्यास तपासणी आवश्यक ठरते. तरुण मुलांमध्ये ‘धातू जाते’ या समजुतीतून येणारी भीती व अशक्तपणाची भावना मोठी आहे. मनोविकारतज्ज्ञ डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० साली तिला ‘धात सिंड्रोम’ असे नाव दिले. तेथे संसर्ग नसतो, परंतु त्रास खरा असतो.

दुसरी चूक म्हणजे जे आहे ते गेले असे मानणे. उपदंशाचा पहिला व्रण सहसा दुखत नाही आणि तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरून येतो. रुग्ण सुटकेचा निःश्वास टाकतो, पण जंतू शरीरात राहतात. पुढे अंगावर, विशेषतः तळहात व तळपायांवर, पुरळ उठते. तेही जाते. उपचार न झाल्यास अनेक वर्षांनी हृदय व मज्जासंस्थेपर्यंत विकार पोहोचू शकतो. गरोदर स्त्रीला उपदंश असल्यास गर्भ दगावण्याचा धोका असतो. क्लॅमिडिया तर बहुतेकांना, विशेषतः स्त्रियांना, कोणतेही लक्षण न देता राहतो आणि पुढे गर्भनलिकांना इजा करून वंध्यत्वास कारण होऊ शकतो. मूल होत नाही म्हणून त्या स्त्रीला दोष देणाऱ्या कुटुंबाला याची कल्पनाही नसते.

आपल्या समाजापुरता एक गैरसमज येथे नोंदवणे जरूर आहे. खतना झालेल्या पुरुषाला असे आजार होत नाहीत, असे काही तरुण मानतात. दक्षिण आफ्रिका, केनिया व युगांडा येथील चाचण्यांत खतन्यामुळे स्त्रीकडून पुरुषाला होणाऱ्या एच.आय.व्ही. संसर्गाचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी होतो असे आढळले आणि २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याची दखल घेतली. धोका कमी होणे म्हणजे धोका नसणे नव्हे. शिवाय परमा व क्लॅमिडिया यांपासून अशा संरक्षणाचा भरवसा देता येत नाही.

तपासणी केव्हा करावी

शंका आल्यावर दुसऱ्याच दिवशी केलेली रक्ततपासणी निर्दोष आली म्हणून निश्चिंत होणे चुकीचे आहे. संसर्ग होणे आणि तो तपासणीत दिसणे यांत काही काळ जावा लागतो.

परम्याची लक्षणे साधारण दोन ते सात दिवसांत, तर क्लॅमिडियाची (दिसलीच तर) एक ते तीन आठवड्यांत दिसतात. उपदंशाचा व्रण ९ ते ९० दिवसांत, सरासरी तीन आठवड्यांनी येतो. व्रण नुकताच आला असताना व्ही.डी.आर.एल. ही रक्ततपासणी नकारात्मक येऊ शकते. म्हणून डॉक्टर ती पुन्हा करावयास सांगतात. एच.आय.व्ही.साठी सरकारी केंद्रांत होणाऱ्या तपासणीचा पहिला निष्कर्ष नकारात्मक असेल आणि धोका अलीकडचा असेल, तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करणे योग्य होय.

मात्र पुढील बाबतीत थांबू नये. व्रण, पू, ओटीपोटात तीव्र वेदना, वृषणात सूज किंवा ताप असल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे. एच.आय.व्ही.चा धोका नुकताच घडला असल्यास, त्यात लैंगिक अत्याचारही आला, ७२ तासांच्या आत आणि जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर रुग्णालयात जाणे आवश्यक असते. प्रतिबंधक औषधे त्या मुदतीतच सुरू करता येतात व ती २८ दिवस घ्यावी लागतात. ‘कोणाला कळेल?’ या विचारात गेलेले दोन दिवस येथे फार महाग पडतात.

तपासणी कोठे व कशी होते

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या कार्यक्रमाखाली जिल्हा व मोठ्या सरकारी रुग्णालयांत लिंगसांसर्गिक आजारांसाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ चालवली जातात. एच.आय.व्ही.साठी एकात्मिक समुपदेशन व तपासणी केंद्रे असून तेथील समुपदेशन व तपासणी निःशुल्क असते. आपल्या भागात बेळगावचे जिल्हा रुग्णालय (बिम्स) आणि सीमेपलीकडे कोल्हापूरचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय ही प्रमुख ठिकाणे होत. कार्यक्रम राष्ट्रीय असल्यामुळे कर्नाटकातील रहिवाशाने महाराष्ट्रातील केंद्रात जाण्यास अडचण नाही. जवळचे केंद्र व त्याची वेळ जाणून घेण्यासाठी १०९७ या राष्ट्रीय निःशुल्क हेल्पलाइनचा उपयोग होतो. तेथे फोन करणाऱ्याने नाव सांगण्याची गरज नसते.

क्लिनिकमध्ये डॉक्टर प्रथम विचारपूस करतात व शरीर तपासतात. अनेकदा प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट न पाहता लक्षणसमूहावरून उपचार सुरू होतात. यासाठी २००७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार सात वेगवेगळ्या रंगांची औषधांची पाकिटे ठरवण्यात आली. उदाहरणार्थ, स्रावासाठी करडे व व्रणासाठी पांढरे. रुग्ण पुन्हा येईलच याची शाश्वती नसल्यामुळे पहिल्याच भेटीत औषध हाती पडावे, हा त्यामागील विचार आहे. जोडीदाराचे उपचारही त्याच वेळी व्हावे लागतात. अन्यथा एक बरा होतो आणि काही दिवसांत पुन्हा तोच संसर्ग घेऊन येतो.

दुकानातून आणलेल्या एखाद-दुसऱ्या गोळीने लक्षण दबते, पण निदान अवघड होते. परम्याच्या जंतूंनी पूर्वी पेनिसिलिनला आणि नंतर सिप्रोफ्लॉक्सासिनला दाद देणे थांबवले, याला अर्धवट व चुकीचे औषधोपचार काही प्रमाणात कारणीभूत आहेत.

‘गोपनीय’ आणि ‘निनावी’ या दोन शब्दांतील फरक शिक्षकांनी नीट समजून घ्यावा. हेल्पलाइनवरील संभाषण निनावी असू शकते. सरकारी केंद्रातील तपासणी गोपनीय असते, म्हणजे नाव व पत्ता नोंदवला जातो, व्यक्तीला ओळख क्रमांक दिला जातो आणि निष्कर्ष फक्त त्या व्यक्तीला समक्ष, समुपदेशनासह सांगितला जातो. ‘तेथे नावच विचारत नाहीत’ असे सांगून विद्यार्थ्याला पाठवले आणि तेथे नाव विचारले गेले, तर तो पुन्हा शिक्षकावरही विश्वास ठेवणार नाही आणि केंद्रावरही.

सीमाभागातील विशेष अडचणी

आपल्या भागातील अनेक मुस्लिम कुटुंबांत घरी उर्दू किंवा दखनी, बाजारात मराठी आणि सरकारी कार्यालयात कन्नड असा व्यवहार असतो. रोजच्या कामात ही बहुभाषिकता उपयोगी पडते. पण नाजूक लक्षण सांगताना माणूस तिन्ही भाषांत अडखळतो. शिवीत वापरला जाणारा शब्द डॉक्टरांसमोर उच्चारवत नाही आणि पुस्तकी शब्द ठाऊक नसतो. मग सोबत भाऊ, नणंद किंवा शेजारीण दुभाषी म्हणून येते आणि गोपनीयता डॉक्टरांच्या टेबलापर्यंत पोहोचण्याआधीच संपते. यावर उपाय सोपा आहे. ‘लघवीच्या जागी जखम आहे’, ‘लघवीतून पू जातो’, ‘अंगावरून पांढरे जाते व वास येतो’, ‘जांघेत गाठ आली आहे’ अशी चार-पाच साधी वाक्ये मराठी, उर्दू व कन्नड या तिन्ही भाषांत लिहिलेला कागद आरोग्यविषयक तासाला सर्वांनाच द्यावा. सर्वांना दिल्यामुळे तो कोणा एकाकडे बोट दाखवत नाही.

दुसरी अडचण ओळखीची. निपाणीसारख्या गावात केस पेपर काढणारा, औषध देणारा, रांगेत पुढे उभा असलेला यांपैकी कोणीतरी ओळखीचा निघतोच. म्हणून निपाणीचा माणूस सुमारे ४० किलोमीटरवरील कोल्हापूर किंवा सुमारे ७५ किलोमीटरवरील बेळगाव गाठतो. मिरजेला उपचारासाठी जाण्याची तर आपल्याकडे जुनी परंपरा आहे. दूर जाऊन तपासणी करणे यात गैर काही नाही. परंतु प्रवासाचा खर्च, बुडालेली मजुरी आणि पुढच्या भेटीला न जाणे ही त्याची किंमत असते. विडी व तंबाखू उद्योगात काम करणाऱ्या स्त्रीला घरी कारण न सांगता एक दिवस बाहेर राहणे जवळजवळ अशक्य असते. अशा स्त्रीसाठी जवळच्या सरकारी रुग्णालयात स्त्रीरोग विभागात जाणे हा कमी बोलबाल्याचा मार्ग होय. गरोदरपणात तर एच.आय.व्ही. व उपदंशाची तपासणी नेहमीच्या तपासण्यांतच होते.

तिसरी अडचण सुरक्षिततेची आहे. सांगलीच्या संग्राम या संस्थेशी संबंधित, शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ ही संघटना निपाणीतही एच.आय.व्ही. प्रतिबंधाचे काम करीत होती. तेथील कार्यकर्त्या स्त्रियांना स्थानिक गुंड व पोलीस यांच्याकडून त्रास झाल्याचे ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात म्हटले आहे. आरोग्याचा संदेश घेऊन जाणाऱ्यालाच भीती वाटत असेल, तर ज्याला तो संदेश हवा आहे तो पुढे येणार नाही. समाजात या विषयावर कोणाची नाचक्की होताना विद्यार्थी पाहतात, तेव्हा आपणही गप्प राहावे हा धडा ते आपोआप घेतात.

कायदा काय सांगतो

डॉक्टरांसाठी भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेत रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचे कर्तव्य नमूद आहे. हे कर्तव्य निरपवाद नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली एका एच.आय.व्ही.बाधित व्यक्तीच्या प्रकरणात म्हटले. त्या निकालात अशा व्यक्तीच्या विवाहाच्या हक्काबाबत केलेली विधाने प्रकरणाच्या निर्णयासाठी आवश्यक नव्हती, असा खुलासा न्यायालयानेच २००२ मध्ये केला.

एच.आय.व्ही.पुरता आता स्वतंत्र कायदा आहे. २०१७ चा एच.आय.व्ही. व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. माहितीपूर्ण संमतीशिवाय तपासणी करता येत नाही. विश्वासाने सांगितलेली दुसऱ्या व्यक्तीची एच.आय.व्ही.विषयक माहिती तिच्या लेखी संमतीशिवाय उघड करण्यास मनाई असून हा नियम शिक्षकालाही लागू आहे. शिक्षण किंवा नोकरी देण्यासाठी एच.आय.व्ही. तपासणीची अट घालता येत नाही. जोडीदाराला धोका असल्यास माहिती देण्याचा मर्यादित अधिकार डॉक्टर व समुपदेशकाला ठराविक अटींवर आहे. शिक्षकाने तो आपल्याकडे घेऊ नये.

अठरा वर्षांखालील विद्यार्थ्यांबाबत मात्र शिक्षकाने अत्यंत सावध राहावे. त्यांच्या एच.आय.व्ही. तपासणीसाठी पालकांची संमती लागते. तसेच २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार अठरा वर्षांखालील मुलामुलीवर लैंगिक गुन्हा घडल्याचे ज्याला कळते, त्याने ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली शिक्षा आहे. या कायद्यात अल्पवयीन व्यक्तीची संमती धरली जात नाही. मुलगी विवाहित असली तरी, सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०१७ च्या निकालानंतर, अठरा वर्षांखालील पत्नीशी संबंध हा गुन्हाच ठरतो. म्हणून ‘मी कोणालाच सांगणार नाही’ असे सरसकट वचन देऊ नये. विद्यार्थी बोलण्याआधीच त्याला सांगावे की, तू अठरा वर्षांचा असशील तर गोष्ट माझ्याजवळ राहील. त्याहून लहान असशील तर काही गोष्टी मला कळवाव्या लागतील, पण वैद्यकीय मदत तुला दोन्ही वेळा मिळेल. हे ऐकून एखादा विद्यार्थी थांबेल. तरीही नंतर विश्वासघात झाल्याची भावना होण्यापेक्षा हे बरे, आणि १०९७ चा क्रमांक तरी त्याच्या हाती राहतो.

आखाती नोकरीची तपासणी

आपल्या तरुणांच्या बाबतीत आणखी एक प्रसंग येतो. आखाती देशांच्या व्हिसासाठी मान्यताप्राप्त केंद्रांत होणाऱ्या वैद्यकीय तपासणीत एच.आय.व्ही., हिपॅटायटिस बी व सी, उपदंश आणि क्षयरोग यांचा समावेश असतो. तिचा निष्कर्ष ‘वाफिद’ या संगणकीय प्रणालीत नोंदला जातो व तेथील यंत्रणेला दिसतो. ही तपासणी नोकरीसाठी आहे. समुपदेशन व उपचार हा तिचा हेतू नाही. मनात शंका असलेल्या उमेदवाराने आधी सरकारी केंद्रात स्वतःहून तपासणी करून घ्यावी, हे त्याच्या हिताचे आहे. उपदंश वेळीच आढळला तर पेनिसिलिनच्या इंजेक्शनने तो बरा होतो. मात्र बरा झाल्यानंतरही काही रक्ततपासण्या दीर्घकाळ सकारात्मक राहतात, म्हणून उपचाराचे कागद जपून ठेवण्यास सांगावे.

अमानत आणि पर्दापोशी

हा विषय आपल्या संस्थांत बोलावा की नाही, असा संकोच काही शिक्षकांना वाटतो. हया हा ईमानचा भाग आहे, ही शिकवण आपण सर्व जाणतो. त्याचबरोबर अन्सारी स्त्रिया शुद्धतेविषयीचे खासगी प्रश्न पैगंबर मुहम्मद (स.) यांना थेट विचारीत आणि लाजेने त्यांना दीन समजून घेण्यापासून रोखले नाही, याबद्दल हजरत आयशा (रजि.) यांनी त्यांची प्रशंसा केल्याचे हदीसमध्ये येते. आजारावर उपचार शोधण्याची शिकवणही हदीसमध्ये स्पष्ट आहे. सूरह हुजुरातमध्ये विनाकारण संशय, टेहळणी आणि पाठीमागे निंदा या तिन्हींपासून दूर राहण्याची ताकीद आहे. दुसऱ्याचे उणे झाकणे, म्हणजे पर्दापोशी, हे पुण्यकर्म मानले गेले आहे आणि विश्वासाने सांगितलेली गोष्ट ही अमानत आहे.

यातून शिक्षकासाठी सरळ मार्गदर्शन मिळते. अनैतिक संबंधांना संमती देणे आणि आजारी माणसाला उपचारापर्यंत पोहोचवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लक्षणावरून कोणाच्या चारित्र्याचा निष्कर्ष काढणे तर वैद्यकशास्त्राच्या दृष्टीनेही चूक आहे. पतीकडून संसर्ग झालेली पत्नी, अत्याचार झालेली मुलगी आणि साधा नायटा झालेला तरुण हे तिघेही एकाच रांगेत उभे असतात.

शिक्षकांनी काय करावे

१. निदान करू नये, लक्षण पाहण्यास मागू नये, औषध सुचवू नये.

२. ‘कोणाबरोबर?’, ‘केव्हा?’ हे प्रश्न डॉक्टरांसाठी सोडावेत. शिक्षकाने फक्त वय, त्रासाची तीव्रता आणि ७२ तासांची मुदत चालू आहे का, एवढेच पाहावे.

३. गोपनीयतेची मर्यादा संभाषणाच्या सुरुवातीस सांगावी.

४. बेळगाव, निपाणी व कोल्हापूर येथील केंद्रांचे वार, वेळ व खोली यांची माहिती दर सत्रात स्वतः खात्री करून अद्ययावत ठेवावी. नेमके ठिकाण ठाऊक असले की चौकशी करीत फिरावे लागत नाही.

५. विद्यार्थिनींना शिक्षिकेशी बोलण्याची सोय असावी.

६. हजेरीपटावर, रजेच्या अर्जावर किंवा सहकाऱ्यांच्या गप्पांत आजाराचा उल्लेख येऊ देऊ नये. ‘वैद्यकीय कारण’ एवढे पुरेसे आहे.

७. योग्य मुदतीनंतरही निष्कर्ष नकारात्मक असून जो पुन्हा पुन्हा तपासणी करीत राहतो, झोपत नाही, अभ्यास सोडतो, त्याला आता रक्ततपासणीची नव्हे तर मानसिक आधाराची गरज असते. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली टेलिमानस ही १४४१६ क्रमांकाची निःशुल्क सेवा त्यासाठी सुचवावी.

समारोप

लिंगसांसर्गिक आजारांबाबत आपल्याकडे माहितीचा अभाव आहे, हे खरे. पण विश्वासाचा अभाव त्याहून मोठा आहे. उपचार उपलब्ध आहेत, बहुतांश निःशुल्क आहेत, आणि एच.आय.व्ही.वरही नियमित औषधोपचाराने दीर्घ आयुष्य जगता येते. सीमाभागातील विद्यार्थ्याला मात्र तीन भाषा, ओळखीची रांग आणि बदनामीची भीती ओलांडून तेथे जावे लागते. ‘कोणाला कळेल?’ या त्याच्या प्रश्नाला शिक्षकाने ‘कोणालाही नाही’ असे घाईचे उत्तर देऊ नये. कोणाला कळेल, कोणाला कळणार नाही आणि कोणत्या परिस्थितीत कळवावे लागेल, हे तिन्ही भाग त्याला समजावून सांगावेत. नव्या शैक्षणिक सत्राच्या आरंभी प्रत्येक महाविद्यालयाने किमान दोन शिक्षकांना, त्यांपैकी एक शिक्षिका असावी, या विषयाची जबाबदारी सोपवावी व तिन्ही भाषांतील माहितीपत्रक तयार करावे, अशी या निमित्ताने सूचना करावीशी वाटते.